शेवटच्या बाकामागची झोळी

सोमवारी सकाळी माझी पत्नी वारली. ती शाळेत गणित शिकवायची.

दिवसकार्य झाल्यावर तिचं सामान आणायला मी शाळेत गेलो. दहावीच्या वर्गात, शेवटच्या बाकामागे, छताच्या वाशाला झोळी बांधलेली होती आणि तिच्यात एक तान्हं मूल झोपलं होतं. झोळी माझ्या पत्नीच्या जांभळ्या इरकलीची होती. शेवटच्या दिवशी तिला नेसवायला मी हीच साडी घरभर शोधली होती. वर्ग भरलेला होता; मी दारातच थांबलो.

गणवेशातली एक मुलगी उठली. मूल तिचंच होतं.

“काका, साडी न्यायला आलात? परीक्षेपर्यंत राहू द्या ना. घरी बाळाला बघणारं कुणी नाही. मला शाळा सोडावी लागेल.”

शेवटच्या बाकावरची दुसरी मुलगी झोळीची दोरी ओढत म्हणाली, “इथे बसेल त्यानं झोका द्यायचा, हा बाईंचा नियम. पूर्वी आम्ही इथे झोपायचो, आता हाच झोपतो.”

कुणाला शिकवायचं तर आधी त्याचे हात मोकळे करावे लागतात. घरी माझी पत्नी या झोळीबद्दल कधीच बोलली नव्हती.

मी तिच्या चष्म्याचं घर तेवढं उचललं. साडी अजून तिथेच आहे.