हिरादादाने दाखवलेला समुद्र

समुद्रावर जाऊन आलेल्या गाडीचं पायपुसणं कितीही झटका, महिन्याभराने त्यातून वाळू निघतेच. आमच्या ऑफिसातले किस्से तसेच. विसरले म्हणावं तर कुणीतरी नवीन माणूस विचारतो, "नवी मुंबईत बघण्यासारखं काय हो?" आणि मला हिरादादा आठवतो. एक किस्सा आठवला की मागोमाग सगळे!

नव्वदीतली गोष्ट. बेलापूरला आमचं छोटं ऑफिस होतं. रस्ते, गटारं, पूल यांची ड्रॉइंग्ज काढून द्यायची. मी रिसेप्शनवर. हिरादादा ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर, उरणकडच्या किनाऱ्यावरच्या गावचा. बाहेरगावहून साहेबलोक यायचे आणि संध्याकाळी सगळ्यांचे दोनच प्रश्न असायचे. जेवायचं कुठे? बीच कुठे? मी म्हणायची, "हिरादादांना विचारा." एवढीच माझी ड्यूटी!

तेव्हा इथे होतं काय? स्टेशनसमोर एक उडुपी, हायवेला ढाबे, बाकी मोकळे प्लॉट आणि गवत. पण हिरादादाचा एक नियम पक्का होता. "शोबाताई, जितं बोर्ड मोठा, तितं मासा शिला!"

*

दिल्लीचे एक साहेब आले होते. नकाशात बेलापूरला चिकटून निळा रंग दिसला, म्हणून सकाळी हाफ पँट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून खाली उतरले. गळ्यात कॅमेरा. म्हणाले, "बीच चलो."

हिरादादाने बरंच समजावलं. साहेब ऐकेनात. शेवटी नेलं खाडीवर. ओहोटीची वेळ. समोर नुसता चिखल, त्यात खेकड्यांची बिळं आणि तिवरं.

साहेब भडकले. "ये क्या है? समुंदर किधर है?"

हिरादादा शांतपणे म्हणाला, "समुंदर हैच साब. अबी आया नही!"

*

कोलकात्याचे एक साहेब होते, पन्नाशीचे, अबोल. चार दिवस उडुपीत इडली खाऊन चेहरा उतरला होता. पाचव्या दिवशी हळूच म्हणाले, "इधर मछली किधर मिलेगा?"

हिरादादाने विचार केला आणि जीप सरळ स्वतःच्या घरी नेली. कागदपत्रांवर सह्या घ्यायच्या होत्या, म्हणून मीही बरोबर होते. हिरादादाची बायको जनी. तिने लगेच चूल पेटवली. जिताड्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. साहेब मांडी घालून जमिनीवर बसले, जनी समोर बसून वाढत राहिली. "घ्या. आजून घ्या. लाजताव कनाला?"

तिसऱ्या भाकरीला साहेब थांबले. डोळे पुसायला लागले. मला वाटलं, तिखट लागलं. मी पाणी पुढे केलं. तर म्हणाले, आई वारल्यापासून समोर बसून असं कुणी वाढलं नव्हतं.

हिरादादाने जनीला त्याचा अर्थ सांगितला. तिने त्यांच्या ताटात माशाच्या डोक्याचा तुकडा वाढला. तिकडे किनाऱ्यावर तो घरच्या कर्त्याला देतात.

निघताना साहेबांनी चेष्टेने विचारलं, "होटल का बोर्ड किधर है?"

जनीने कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. "हा काय बोर्ड!"

*

माझे वडील साताऱ्याकडचे. जन्मभर हमाली केली, आधी मुंबईत, मग बाजार इकडे आल्यावर वाशीत. जुईनगरला आमच्याकडेच राहायचे. पाठ गेली तेव्हा त्यांनी ठरवलं, गावी जायचं. जायच्या आदल्या रविवारी सहज बोलता बोलता कळलं, की आबांनी समुद्र जवळून कधी पाहिलेलाच नाही! पुलावरून जाता येता पाणी दिसायचं, तेवढंच. सुट्टीच्या दिवशी ते झोपायचे.

मला इतकी लाज वाटली! ऑफिसात येणाऱ्या परक्या माणसांना मी समुद्रावर पाठवत होते आणि घरचा माणूस राहून गेला होता.

हिरादादाला सांगितलं. तो मित्राची रिक्षा घेऊन सकाळीच हजर. "आबा, चला. तुमाला भारीतला बीच दावतो!"

उरणच्या किनाऱ्यावर आबा चपला हातात धरून उभे राहिले. पाणी पायाशी येत होतं, जात होतं. किती वेळ तसेच. मी म्हटलं, "आबा, कसा वाटला?"

आबा म्हणाले, "एवढं पानी, अन् कुनी उचल म्हनत न्हाई!"

हिरादादा मोठ्याने हसला. आबाही हसले. गावी गेल्यावर दोन महिन्यांनी ते गेले. घाटावर माझा भाऊ सांगत होता, शेजारपाजारच्यांना ते समुद्राबद्दलच सांगायचे.

*

चेन्नईचे एक सल्लागार आले. बंदराच्या बाजूला गोदामांसाठी रस्ता जायचा होता, त्याची पाहणी. नोंदी लिहून घ्यायला मीही जीपमध्ये होते. काम झाल्यावर म्हणाले, "जिथे कुणीच जात नाही असा बीच दाखव."

हिरादादा खुलला. असा बीच त्याच्याकडे होता. त्याच्याच गावचा! द्रोणागिरीच्या अलीकडे, सुरूच्या झाडांमागे छोटीशी पट्टी. तिथे त्याचं लहानपण गेलं होतं. दुपारची वेळ, होड्या सगळ्या बाहेर. मासे वाळत घालायच्या काठ्या तेवढ्या उभ्या.

साहेब खूश झाले. जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, खिशातून पेन काढलं आणि त्या पट्टीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले.

"शोबाताई, काय लिवलं?" हिरादादाने हळू आवाजात विचारलं.

मी वाचलं आणि सांगायचं टाळत होते. त्याने पुन्हा विचारलं. म्हटलं, "रिकामी जागा."

तो साहेबांजवळ गेला. "साब, पेन्सिल से लिखो ना."

साहेब हसले. "पेन्सिल मिट जाती है."

"वोइच," हिरादादा म्हणाला.

साहेबांनी नकाशाची घडी घातली. त्या दिवसानंतर कुणी पाहुण्याने शांत बीच विचारला की हिरादादा म्हणायचा, "नाय साब, तितं रस्ता लय खराब हाय."

आणि नंतर तिथे रस्ता झाला. चांगला, चौपदरी. बीचच राहिला नाही.

*

जनीच्या पोटात गाठ निघाली. पावसाळ्यात कळलं, दिवाळी काही तिने पाहिली नाही. हिरादादा तेराव्यानंतर कामावर आला, जीप धुतली आणि उभा राहिला.

वर्षभराने कोलकात्याचे साहेब परत आले. जीपमध्ये मागे, माझ्या शेजारी बसले ते हसतच. हातात एक पिशवी, तिच्यात लाल काठाची सुती साडी, जनीसाठी आणलेली.

"चलो, जनी होटल!"

हिरादादाने गाडी कळंबोलीकडे वळवली. ट्रकवाल्यांच्या एका ढाब्यासमोर उभी केली.

साहेब म्हणाले, "ये नही, वो!"

"वो बंद हो गया साब."

"बंद? मालिक किधर गया?"

हिरादादाने स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत. म्हणाला, "मालकीन गयी, साब. मै तो उदर खाली वेटर था."

साहेब ढाब्यात उतरलेच नाहीत. तसेच मागे बसून राहिले. शेवटी त्यांनी साडीची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली. ती आठवडाभर तिथेच होती. त्या सीटवर कुणाला बसावंसं वाटलं नाही.

*

अमोल नावाचा एक मुलगा आमच्याकडे लागला होता. अकोल्याचा, नुकताच इंजिनिअर झालेला. जुईनगरला खोली घेऊन एकटा राहायचा. मान खाली घालून ड्रॉइंग करणारा, सगळ्यांना 'अहो-जाहो' करणारा. समुद्र कधी पाहिलेला नव्हता. दर शनिवारी जीपजवळ येऊन उभा राहायचा.

"हिरादादा, मला दाखवा ना हो समुद्र."

जनी गेल्यापासून हिरादादा शनिवारी अर्धा दिवस झाला की घर गाठायचा. लेक एकटी असायची. तो म्हणायचा, "फुडच्या शनवारी नक्की, अमोलशेठ!"

असे सात-आठ शनिवार गेले असतील. मग अमोलला ताप आला. मलेरिया. दोन दिवस खोलीवरच पडून होता, कुणाला सांगितलं नाही. आम्ही हॉस्पिटलात नेला तेव्हा ताप डोक्यात गेला होता. घरचे पोचायच्या आत सगळं संपलं.

महिन्याभराने त्याची आई आली, एकटीच. त्याच्या टेबलाच्या खणातल्या वस्तू न्यायला. ड्रॉइंगची पेनं, एक स्वेटर, छत्री. बारीक चणीच्या, पांढरं पातळ नेसलेल्या बाई. रडल्या नाहीत. पिशवीतून निळी आंतरदेशीय पत्रं काढली आणि वरचं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "चष्मा विसरले हो. एवढं वाचून दाखवता?"

मी मोठ्याने वाचायला लागले. "आई, माझी काळजी करू नकोस. इथे हिरादादा म्हणून ड्रायव्हर आहेत. ते मला दर शनिवारी समुद्रावर नेतात. येताना आम्ही डोसा खातो. इथे खूप मजा आहे."

दारात हिरादादा उभा होता. त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

बाई म्हणाल्या, "ते हिरादादा कुठे भेटतील? मला त्या जागा बघायच्या आहेत. तो बसायचा त्या."

मग हिरादादा पुढे झाला. "मीच तो, काकू. चला."

मलाही बरोबर घेतलं. आधी उडुपीत. बेसिनजवळच्या टेबलाकडे बोट करून तो म्हणाला, "हितं बसायचा." काकू त्याच खुर्चीवर बसल्या. वेटर जवळ आला. हिरादादा त्याच्याकडे रोखून बघत म्हणाला, "आपला अमोलशेठ रे! शनवारी यायचा तो. ही त्याची आई."

वेटरने अमोलला जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने एकदा हिरादादाकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. "हां हां, अमोलशेठ! मसाला डोसा, ना?"

"चटणी खायचा?" काकूंनी विचारलं.

"दो बार मांगता था, अम्मा."

काकूंनी डोसा संपवला. चटणी दोनदा मागून घेतली.

मग उरण. ऊन उतरलं होतं, किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. काकू वाळूवर बसल्या. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "इथे येऊन तो करायचा काय हो?"

हिरादादा अडखळला. मी मनात म्हटलं, आता संपलं. पण त्याच्या तोंडून निघून गेलं, "पवायचा, काकू. एकदम माशासारका!"

काकूंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "पोहायचा?"

"हा मंग! लांबवर जायचा. मी हितून वरडायचो, अमोलशेठ, मागं या, मागं या. ऐकायचाच नाय!" त्याने तोंड दुसरीकडे वळवलं आणि खोकल्यासारखं केलं.

काकू उठल्या. पातळ जरा वर धरून घोटाभर पाण्यात गेल्या, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावरून फिरवलं आणि परत आल्या. "चला," म्हणाल्या. "गाडीची वेळ होईल."

ऑफिसात परत आलो. हिरादादा त्यांची पिशवी घेऊन खाली गेला. वस्तू मिळाल्याच्या कागदावर त्यांची सही घ्यायची होती. सही करता करता, मान वर न उचलता त्या म्हणाल्या, "चार वर्षांचा असताना विहिरीत पडला होता. तेव्हापासून पाण्याला फार भ्यायचा. शाळेची सहल नदीवर गेली, तर हा घरी राहायचा."

काकूंनी पेनाला टोपण लावलं. ते मला परत दिलं. "इथे येऊन पोहायला शिकला," म्हणाल्या. "बरं झालं."

आणि जिना उतरून गेल्या.

छत्री वरच राहिली होती. ती न्यायला हिरादादा धावत वर आला. छत्री उचलली, पण जाईना. दारातच थांबला.

"शोबाताई, काकू काय म्हनल्या?"

मी म्हटलं, "म्हणाल्या, बरं झालं."