उंच अंबाड्याचा टोप

लिहून देणार: त्र्यंबक सखाराम, वय अंदाजे पन्नास, धंदा अर्जनवीस, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा.
विरुद्ध: तोच.
मुदत: जिल्हा परिषद नवी झाली त्या सालापासून आजतागायत.
साक्षीदार: एक, खामगावचे टोप बनवणारे उस्ताद. दोन, मुलाखतीला बसलेल्या एक सदस्य बाई. तीन, माझी पत्नी अनसूया, जिला यातले काहीही ठाऊक नाही.

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहिण्यात माझी उमर गेली — कोणाचे बांधावरून, कोणाचे वहिवाटीवरून, कोणाचे नवऱ्याने टाकल्यावरून — आणि प्रत्येक अर्जदारास मी हेच सांगत आलो की बाबा, तू आधी खरे बोल, ते शोभिवंत करणे माझ्याकडे. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र शोभिवंत आधी सुचते आणि खरे पुढे येत नाही. तरी ऐका. घरी आलेल्या माणसाने ओसरीवर बसून ऐकावे, तसे ऐका.

प्रकरण टोपाचे आहे. केसांच्या टोपाचे. हसू आले तर हसून घ्या. इतरही हसले आहेत — तो या प्रकरणाचाच एक भाग आहे.

प्रथम माझा अधिकार सांगणे प्राप्त आहे. शाळा माझी मराठी पाचवीत सुटली. परंतु अक्षर असे की कचेरीतले कारकून आजही माझा अर्ज दुरून ओळखतात. तरुणपणी मी गावच्या नाटक मंडळीत स्त्रीपार्टी होतो. सहा वर्षे मी राण्या केल्या, सासुरवाशिणी केल्या, एकदा तर विधवेच्या सोंगात बाया रडवल्या. त्यामुळे कोणत्या चेहऱ्यास कोणता टोप शोभतो, हे मला जितके कळते तितके या तालुक्यात कोणास कळत नसेल. आमचे मास्तर म्हणत — चेहऱ्यात जे जास्त आहे ते टोपाने झाकावे, जे कमी आहे ते टोपाने भरावे. गोल चेहरा असेल तर केस वर चढवावेत, म्हणजे त्यास उंची येते. जबडा रुंद असेल तर केसांची कड जबड्यापाशी थांबू देऊ नये. आणि चेहरा लांबट असेल, हनुवटी निमुळती असेल, तर भांग मधोमध पाडून केस कपाळावर थोडे खाली घ्यावेत आणि कानांवरून फुगवून उतरवावेत. लांबट चेहऱ्यावर उंच अंबाडा कधीही ठेवू नये. कधीही नाही. हा नियम मला ठाऊक नव्हता असे कोणी माझ्या बाजूने म्हणू लागेल, तर त्याने ते म्हणू नये.

अनसूयेचा चेहरा लांबट आहे.

तिला ताप आला. तापापाठोपाठ डोक्यावर फोड उठले. फोड बरे झाले. केस गेले ते परत आले नाहीत. पस्तिशीची बाई — तिने आठ महिने उंबरा ओलांडला नाही. पदर कपाळाखाली ओढून घरातल्या घरात वावरे. बाजाराच्या दिवशी बायका हाक मारून जात. ती आतूनच ओ देई. मी तिची काळजी घेतली, हेही खरे आहे. डोक्याला तेल मी लावीत असे. हे कशाला सांगतो? सांगायचे ते पुढे आहे आणि हात मागे येतो, म्हणून.

ती सातवी पास आहे. म्हणजे फायनल. हे वाक्य साधे दिसते. माझ्या घरात ते साधे नव्हते.

जिल्हा परिषदा झाल्या, आमच्या इथे पंचायत समितीची कचेरी आली. मी तिच्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसू लागलो. जे अर्ज जन्मभर तहसीलदारांच्या नावे केले, त्यातले निम्मे आता गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे करायचे होते. मला कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही — अर्जनवीस विचारतो काय? एका म्हाताऱ्याचा विहिरीचा अर्ज दोनदा परत आला. तो घरी येऊन तक्रार करू लागला, तेव्हा अनसूया दाराआडून म्हणाली, "बाबाजी, आता ते साहेब येगळे झाले. पेपरात आलं होतं. वरचं नाव बदलून पाहा बरं." नाव बदलले. विहीर मंजूर झाली.

त्यानंतर तो म्हातारा लोकांना घेऊन येऊ लागला. कागद मी लिहायचा, आणि तो उठता उठता म्हणायचा, "मुनशीजी, बाई हायेत ना घरात? एकडाव त्याइले दाखवून घेतो मंग." बाकीचे हसत. एकजण म्हणालाही, "तुमच्या घरचा वकील मोठा हाये, मुनशी." मीही हसलो. हसलो ते लोकांना दिसले.

अशात बालवाडीसाठी बाई नेमण्याची सूचना कचेरीच्या फळ्यावर लागली. सातवी पास, स्थानिक. ती सूचना मीच वाचून घरी सांगितली — का सांगितली, हे मला आजही कळत नाही.  तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मले जावं वाटून राह्यलं. पन अशा डोक्यानं कशी जाऊ? तुमी नाटकात टोप लावत होते ना, तसा मले आनून देता का?"

आठ महिन्यांत तिने काही मागितले ते एवढेच.

आम्ही एस.टी.ने खामगावला गेलो. तिथले उस्ताद नाटक मंडळ्यांचे टोप बनवीत. मी त्यांचे जुने गिऱ्हाईक. खऱ्या केसांचे, बाईमाणसाला नित्य वापरता येतील असे दोनच टोप त्यांच्याकडे तयार होते. एक मधल्या भांगाचा, कानांवरून उतरता. दुसरा मागे ओढून वर चढवलेला, डोक्यावर उंच अंबाडा. उस्तादांनी न विचारताच पहिला तिच्या डोक्यावर बसवला आणि आरसा पुढे केला.

तिने पाहिले. मग पदर तोंडाला लावून हसली. "अहो, पाहा ना," म्हणाली, "मीच हाय का हे?"

तीच होती. किंबहुना तापाआधी होती तिच्याहून बरी. गालाची हाडे मऊ झाली होती, हनुवटी लपली होती, डोळे एकदम मोठे झाले होते. आणि मला — इथे मी थांबतो. दोनदा कागद बदलला आहे. मला ती खुर्चीवर बसलेली दिसली. हजेरीपटावर सही करताना दिसली. कडुनिंबाखालून लोक म्हणताना ऐकू आले — ते पाहा, मास्तरीणबाईंचे मालक. पाचवी शिकलेले.

मी म्हणालो, "हा नको. यात वयस्कर दिसतेस. तो उंच अंबाड्याचा घे. शहरात आता तोच चालतो."

उस्ताद म्हणाले, "बाईंचा चेहरा लांब हाये, मुनशीजी. वर चढवाल त अजून लांबते. तुमाले काय सांगाचं, तुमी त जानते."

मी जाणता होतो. मी म्हणालो, "म्हणूनच सांगतो."

त्यांनी दुसरा टोप काढून पुढे ठेवला. अनसूयेने पहिला टोप काढून मांडीवर ठेवला, त्यावरून एकदा हात फिरवला. "मले त हाच बरा वाटत होता," म्हणाली, "पन तुमाले त्यातलं जास्त समजते."

ती येताना एस.टी.त खिडकीशी बसली होती, टोपाची पेटी छातीशी धरून. तेव्हा मी सांगू शकलो असतो. नांदुऱ्यापर्यंत सांगू शकलो असतो. त्याच्या पुढेही सांगू शकलो असतो.

मुलाखत पंचायत समितीतच होती. सकाळी टोप मीच तिच्या डोक्यावर बसवला, टाचण्या लावल्या. मग मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, म्हणजे खिडकीसमोर. आतले सगळे ऐकू येत होते. प्रश्न विचारण्याआधीच एक सदस्य म्हणाले, "बाई, नाटकातून थेट इकडंच आल्या का?" दुसरे म्हणाले, "लेकरं फळा पाहतीन का डोक्यावरचा कळस पाहतीन?" हशा झाला. तिने मात्र विचारले त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. नीट दिली. आवाज एकदाच कापला. मी कोणाचा तरी रेशनकार्डाचा अर्ज लिहीत होतो. तो मी पूर्ण केला. शेवटपर्यंत माझे अक्षर हलले नाही.

सदस्यांत एक बाई होत्या. त्या मधल्या वेळात बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मुनशीजी, तुमच्या बाई हुशार हायेत हो. पन तो टोप कोनं निवडला?"

मी म्हणालो, "तिनेच. तिची हौस."

नेमणूक दुसरीची झाली. संध्याकाळी अनसूयेने विचारले, "तुमी आयकलं ना सारं? माह्यं काय चुकलं?" आता, इथे तरी मी टोपाचे नाव घ्यायला हवे होते की नाही? मी म्हणालो, "थट्टा काय, ते सगळ्यांचीच करतात. तुझी उत्तरे कच्ची पडली. सातवी आता पुरत नाही."

ती म्हणाली, "हो. मले वाटलंच."

एवढेच. त्या दिवसापासून तिने वर्तमानपत्र वाचणे सोडले. येते ते भाकरीच्या टोपल्यात अंथरते. दाराआडून कोणास काही सांगत नाही. म्हातारा एक-दोनदा आला, "बाई हायेत का" म्हणाला, तिने आतून सांगितले, "मुनशीजीलेच इचारा, मले काय समजते." मी अर्ज लिहिला. तो चुकीच्या साहेबांच्या नावे नव्हता, कारण तोपर्यंत मी शिकलो होतो — तिच्याकडूनच.

टोप मात्र तिने टाकला नाही. लग्नकार्याला, बारशाला तोच लावते. पुढे बसते आणि मी लावून देतो; टाचण्या ती स्वतः ओठांत धरते आणि एकेक माझ्या हाती देते. बायका आपल्या नवऱ्यांना म्हणतात, पाहा, मुनशीजी कसे करतात बायकोचे. मी ते ऐकून घेतो. आणि त्याच बायका पाठीमागे त्या कळसाला हसतात, तेही ऐकून घेतो.

सर्वांत वाईट बाब अद्याप लिहिलेली नाही. टोप बदलता येतो. नवा आणावा लागत नाही. अंबाडा सोडायचा, केस ओले करून मधोमध भांग काढायचा, कानांवर उतरवून रात्रभर बांधून ठेवायचे. मी मंडळीत असताना हे शंभरदा केले आहे. गेली कित्येक वर्षे तो टोप माझ्याच हातात असतो. मी ते का करीत नाही? कारण ती आरशात पाहील. पाहील आणि तिला खामगावचा आरसा आठवेल. मग ती विचारील — हे तुमाले येत होतं, त तवा काऊन नाही केलं?

काल वडनेर भोलजीला तिच्या भाचीचे लग्न होते. नेहमीप्रमाणे ती पुढे येऊन बसली. आता टोपाचे केस विरळ झाले आहेत, अंबाडा एका बाजूला कलतो. मी तो हाताने उचलून ताठ केला. जितका उंच होता तितका उंच केला. शेवटची टाचणी लावल्यावर तिने मान वळवून विचारले, "बरं दिसते ना?"

मी म्हणालो, "बरं दिसते."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तो खरा आहे. अर्जाच्या शेवटी विनंतीची ओळ असते. भरपाई मागावी तर ती मलाच द्यावयाची आहे आणि देण्याची मुदत टळली आहे. माफीची मागणी नाही. एवढेच नमूद करतो की साक्षीदार एक आणि दोन यांना हवे ते विचारावे; साक्षीदार तीन हिला बोलावू नये. तिला त्रास होईल म्हणून नव्हे. ती वाचू शकते म्हणून.

सही,
त्र्यंबक सखाराम, अर्जनवीस