आईचं वाचन आणि दादाची कादंबरी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगणीच्या शाळेत चौथीच्या वर्गाला श्रुतलेखन घालत होते. फोन ठेवला, उरलेले तीन शब्द सांगितले, वह्या गोळा केल्या आणि मगच रजा मागायला गेले. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत दादाबद्दल पुष्कळ छापून आलं. जुन्या अभिजात कादंबऱ्यांचं विडंबन करणारी त्याची एकुलती एक कादंबरी किती धीट होती, तो स्वतः किती निर्भय होता... सगळं वाचलं. मी त्याची सख्खी धाकटी बहीण. मला त्याच्यावर लिहायला सांगणाऱ्यांनी मी गोडच लिहीन असं धरलं असावं.

आमचं देवळीला कापडाचं दुकान. दादा वर्ध्याच्या कॉलेजात मराठीचा प्राध्यापक, आई मात्र निरक्षर. पंचेचाळिशीत तिला अक्षरं मी शिकवली. बाराखडी संपली तशी तिने दादाच्या कपाटातली एक जाडजूड जुनी कादंबरी काढली, कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुलीची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कापडाच्या गठ्ठ्याला टेकून, ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायची. जोडाक्षर आलं की अडायची, आणि मधेच थांबून त्या मुलीशी बोलायची. नवरा गेल्यावर मुलगी अन्न सोडते, तिथे आई म्हणाली, "अवं बाई, आधी भाकर खाऊन घे, मंग रड. उपाशीपोटी रडनं जमत नाई." मी हसले. दादा शेजारीच बसला होता. तो हसला नाही. त्याने खिशातला कागद काढून काहीतरी टिपून घेतलं. कॉलेजचं काही असेल, असं मला वाटलं.

काही वर्षांनी त्याची कादंबरी आली. तिच्यात थोर थोर पुस्तकांतले नायक-नायिका वर्ध्याच्या एसटी स्टँडवर उतरतात. एक ध्येयवादी नायक ऑटोवाल्याला पल्लेदार भाषण देतो, एक ऐतिहासिक सरदार तलवारीसकट कापूस बाजारात अडकून पडतो. खोटं कशाला बोलू, ती प्रकरणं हस्तलिखितात वाचताना माझ्याही डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. पण नववं प्रकरण त्याने मला दाखवलंच नाही. ते मी प्रकाशनाच्या दिवशी ऐकलं.

आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. दादा वाचायला उभा राहिला. नवव्या प्रकरणात एक अडाणी कापडवाली ती विधवेची कादंबरी वाचते, जोडाक्षरं मोडते, नायिकेला सल्ले देते. दादाने आईचा आवाज काढला. लोक हसले, आईही हसली. मग ते भाकरीचं वाक्य आलं आणि सभागृह हसून लोटपोट झालं. आईने माझा हात घट्ट धरला.

"मंगल, हे तं मी म्हटलं होतं नं?"

परतीची बस सेलसुऱ्याला आली. तेव्हा तिने विचारलं, "लोकं कोनाले हसून राह्यले होते वं? त्या पोरीले का मले?"

घरी येऊन तिने ती जुनी कादंबरी कपाटात ठेवली आणि पुन्हा काही वाचलं नाही. पेपर नाही, लग्नाची पत्रिका नाही. देवळीच्या स्टँडवर बसची पाटीसुद्धा मलाच विचारू लागली.

मी दादाला गाठलं. "काऊन लिहिलं असं?"

"ती आई नाई, मंगल, पात्र आहे. अन् मी तिले हसत नाई, त्या रडक्या परंपरेले हसतो. अभिजात म्हणून डोक्यावर घेतलेली पुस्तकं कुणीतरी खाली आणायलाच पाहिजे."

ती पुस्तकं काही खाली आली नाहीत. अजून अभ्यासक्रमात लागतात, अजून मुलं त्यांच्यावर उत्तरं लिहितात. खाली आली ती आई. पुन्हा एक अक्षर न वाचता ती तशीच गेली.

शेवटच्या आजारात दादाची नजर गेली. मी दवाखान्यात भेटले तेव्हा म्हणाला, "काही वाचून दाखव नं." मी पिशवीतून त्याचीच कादंबरी काढली आणि नववं प्रकरण लावलं. आईसारखंच वाचलं, अडत, जोडाक्षरं मोडत. दुसऱ्या पानावर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "बस कर." मी बस केलं नाही. संपेपर्यंत वाचलं. आजाऱ्याशी असं वागू नये, हे मला कळतं... तरी वाचलं.

त्याची खोली आवरताना प्रकाशनाच्या दिवशी हातात धरलेली त्याची प्रत सापडली. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. 'इथे थांबणे.' 'हशा.' 'पुन्हा हशा.' आईच्या भाकरीच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या आणि पुढे लिहिलं होतं, 'हमखास.'

कॉलेजला त्याच्या नावाचं एक दालन करायचंय, वस्तू मागायला दोन प्राध्यापक आले होते. मी चष्मा दिला, पेन दिलं, ती प्रतही दिली. काचेखाली ठेवाल तेव्हा ते 'हमखास'चं पानच उघडं ठेवा, एवढंच सांगितलं.