कात्रीबाईंचा खांदा

माझ्या सासूबाईंना गल्लीत सगळे कात्रीबाई म्हणतात. सासऱ्यांच्या मागे केस कापायचं दुकान त्यांनी एकहाती चालवलं. ‘बाईमाणसाकडून कसले केस कापून घ्यायचे,’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या नातवांची डोकीही पुढे त्यांच्याच हाताखालून गेली.

चाळीस वर्षं उजवं कोपर हवेत धरून खांदा पार झिजला. सदुसष्टाव्या वर्षी सांधा बदलला. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही. बाई पाण्याचा तांब्याही डाव्या हाताने उचलायच्या. कात्री मात्र दोन महिन्यांत हातात घेतली. “कात्रीला कसलं आलंय वजन?” कात्रीला नव्हतंच. दिवसभर अधांतरी धरलेल्या हाताला होतं, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना शेजारच्या खुर्चीवर दाढ्या करणाऱ्या माझ्या.

मग खांद्याचा माथा ठणकायला लागला. एक्स-रेत काही दिसेना.

“या वयात थोडं दुखणारच, आजी,” धाकटे डॉक्टर म्हणाले.

“मी तुमची आजी नाही. कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखवते. इथे हाड मोडलंय. परत बघा.”

तीनदा गोळ्या देऊन परत पाठवलं. चौथ्यांदा बाई डबा घेऊन गेल्या आणि दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. शेवटी कंटाळून डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला. नव्या सांध्यावर छपरासारखं हाड असतं, ते तडकलं होतं. त्या डॉक्टरांचा मला असा राग आला, की बाईंनीच मला हाताला धरून बाहेर आणलं.

दोन महिने हात झोळीत होता. हाड सांधलं, पण कोपर छातीच्या वर जाईना. “आता इतकंच,” मोठे डॉक्टर म्हणाले. माझ्या नवऱ्याला निमित्तच मिळालं.

“आई, बस झालं आता. आराम कर. मी तुझी खुर्ची विकायला काढतोय.”

“आणि मी दिवसभर काय करू? तुझं तोंड बघू?”

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. खुर्ची गेली की दुकानातून आपणही गेलो, हे त्यांना कळत होतं, आणि मलाही.

खुर्ची बघायला माणूस आला, तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, “न्या. मला ती उंच पडते.” मग आतून बुटकं स्टूल आणून त्यांनी खुर्चीच्या जागी ठेवलं.

पहिले आले ते सहा फुटी हेडमास्तर. स्टुलाकडे बघत घुटमळले.

“इथे बसू?”

“माझा हात वर जात नाही, सर. तुमचं डोकं तर खाली येतं ना?”

हेडमास्तर गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाईंनी कोपर अंगाशी ठेवून, कमरेच्या उंचीवर त्यांचे केस कापले. कानामागची रेघ पूर्वीइतकीच सरळ आली. संध्याकाळपर्यंत नऊ जण त्या स्टुलावर बसून गेले.

नवरा दारात हाताची घडी घालून उभा होता. बाईंनी स्टूल झटकलं.

“तुझेही वाढलेत. बस खाली.”

तो बसला.