सोडाबाईंचा क्लच

माझ्या आत्याला सगळं गाव सोडाबाई म्हणतं. एकदा कुणी परगावचा माणूस हे नाव ऐकून रिकाम्या बाटल्या घेऊन तिच्या दारात उभा राहिला होता म्हणे. हे मला आतोबांनी सांगितलंय, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्यायचं. आत्या सोडा विकत नाही, गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवसभर ती एकच शब्द म्हणत असते.

"सोडा. हळूच. अहो हळूच, क्लच आहे तो, पायाखाली विंचू नाही आला." गाडी आचका देते आणि बंद पडते. "काही हरकत नाही. परत दाबा. आता सोडा."

तिला गाडी आजोबांनी शिकवली, पाव पोचवायच्या व्हॅनवर. मागच्या फळीवरून एक जरी पाव घरंगळला तरी तिला उतरवून उरलेलं अंतर पायी चालायला लावायचे. त्यामुळे तिचा डावा पाय इतका मऊ झाला, की ती गाडी सुरू करते तेव्हा शेजारच्याला वाटतं, गाडी जागेवरच आहे, रस्ताच मागे निघालाय. एवढी कला अंगात असली की माणूस ती जिथेतिथे वापरणारच. माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा चालायला लागला तेव्हा टेबलाचा पाय गच्च धरून उभा होता. सगळे टाळ्या वाजवत होते, "ये ये" करत होते, तो काही हलेना. आत्या शेजारी बसली आणि म्हणाली, "सोड. हळूच सोड." आणि पठ्ठ्या निघाला! माझं पहिलं प्रेम फिसकटलं तेव्हाही मला तिनं हेच औषध दिलं. ते मात्र लागू पडायला वेळ लागला.

आणि अशा या बाईचा नवरा गाडी चालवत नाही, हा आमच्या गावातला सर्वांत जुना विनोद. आतोबा घड्याळं दुरुस्त करतात. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना पोट आत ओढावं लागतं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग ते अलगद जागेवर बसवतात. गाडीत मात्र त्यांची जागा मागे, मांडीवर छत्री घेऊन. लग्नानंतर आत्यानं त्यांना शिकवायला घेतलं होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर एके दिवशी ते मधेच उतरले आणि चालत घरी गेले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला बोट लावलं नाही. "रुसले," असं आत्या सांगते. "मला जमत नाही," असं आतोबा सांगतात. याच्यापुढे दोघंही एक अक्षर बोलत नाहीत, आणि विचारलं तर दोघांनाही एकदम चहाची आठवण होते.

तर यंदा आत्याच्या डाव्या गुडघ्यानं संप पुकारला. तिच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकची पेडलं आहेत, आणि शिकाऊ माणसाच्या वाटचा निम्मा क्लच गेली कित्येक वर्षं तीच दाबत आली आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "या पायाला क्लच बंद."

"दुसऱ्यानं दाबला तर?"

"बाई, तुम्हीच मला शिकवलंय. दुसऱ्या पायाला काय काम असतं, ते आता मी तुम्हाला सांगू?"

म्हणजे आता एक तर बिनक्लचची गाडी घ्यायची, नाहीतर दारावरची पाटी उतरवायची. आमची जुनी गाडी, जिला आम्ही म्हातारी म्हणतो, तीही आताशा धूर सोडून सगळ्यांना आशीर्वाद देत होती. आत्या घरी बसणार म्हणजे आमची धडगत नव्हती. घरी बसलेली आत्या करणार काय? आम्हाला शिकवणार. आणि खरं सांगायचं तर, पाटीकडे बघून ती मुकाट्यानं जेवायची ते मला बघवेना.

बिनक्लचच्या गाड्या दोन जातींच्या. एक पेट्रोलवरची, एक विजेवरची. झालं, घरात दोन पक्ष पडले.

आत्याचा हिशेब शिकाऊ माणसांत चालतो. "पेट्रोलची घ्यायला स्वस्त, मान्य," ती म्हणाली. "पण माझी गाडी दिवसभर रांगते. रांगणारी गाडी पेट्रोल कशी पिते ते मला विचारा. महिन्याच्या पहिल्या चार पोरांची फी थेट टाकीत जाते. ऑइल बदला, फिल्टर बदला, त्यात आणखी एक पोरगं गेलं. विजेची घ्यायला महाग, पण घरच्या बटणावर चार्ज होते."

"आणि बॅटरी गेली की?" आतोबा म्हणाले. "तेव्हा तुझी अख्खी शाळा त्यात जाईल!"

मग ते उठले आणि दुकानातून एक काड्यापेटी घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर उपडी केली. आतून पन्नासेक मेलेले सेल घरंगळले. कुणी फुगलेले, कुणी हिरवे पडलेले, कुणाच्या तोंडाला पांढरा फेस. "हे बघ," आतोबा म्हणाले. "चावीचं घड्याळ थांबायच्या आधी मागे पडतं, माणसाला इशारा देतं. सेल काही सांगत नाही. वर घड्याळ पोखरून जातो. शर्टाच्या बटणाएवढा असून याचे हे धंदे, आणि तू पलंगाएवढा सेल आपल्या खिडकीखाली आणून लावणार? रात्रभर प्लगात?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी विमा कंपनीत कामाला आहे, जळक्या गाड्यांचे फोटो हाच माझा सकाळचा नाश्ता. "जळतात दोन्ही," मी म्हटलं. "पेट्रोलच्या जळालेल्याच मी जास्त पाहिल्यात. बॅटरीची क्वचित जळते, पण पेटली की विझता विझत नाही. चार्जिंगचं वायरिंग मात्र नीट हवं, जुन्या बोर्डावर जुगाड नको."

"म्हणजे कुठली बरी?"

"दोन्ही."

"हिला कशाला विचारलं मी," आत्या म्हणाली. "ही विम्याची माणसं, यांना सगळंच जळकं दिसतं." आणि सेल गोळा करायला लागली. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही घाबरत असाल तर ती गाडी मी खिडकीखाली नाही लावणार. मग पेट्रोलचीच घेऊ. नाहीतर पाटीच उतरवू."

तरी बघायला काय जातंय म्हणून आम्ही शोरूममध्ये गेलो. विक्रेता आत्याचाच जुना विद्यार्थी. ती आत येताना दिसली तशी त्यानं टायची गाठ घट्ट केली. विजेची गाडी दाखवताना त्याचा जीव आनंदानं उतू जात होता. "बाई, पाय काढला की आपोआप मंदावते! ब्रेकला फारसं कामच नाही. आणि आवाज बघा!"

"कुठाय?"

"तेच ना!"

आत्याचा चेहरा पडला. इंजिनाच्या आवाजावरून तिला कळतं, शेजारचा माणूस घाबरलाय, माजलाय की घरून भांडून आलाय. इथे नुसती शांतता. तिनं गाडी फिरवायला घेतली. फाटक येईपर्यंत सगळं छान होतं. फाटकाशी वेग कमी करायचा म्हणून तिचा डावा पाय सवयीनं क्लच दाबायला गेला. क्लच नव्हता, ब्रेक होता. गुडघा दुखरा असला तरी दणका असा बसला, की विक्रेत्याचा टाय त्याच्या खांद्यावर गेला, माझी पर्स पुढे गेली, आणि मागच्या सीटवरून आतोबांची छत्री फटकन उघडली. गाडीत आम्ही चौघं आणि मधे एक उघडी छत्री. मला हसू आवरेना. आत्या मात्र हसली नाही. "हिच्यात मी काय शिकवणार?" ती म्हणाली. "सोडायला काही ठेवलंच नाही."

विक्रेता हुशार निघाला, आपल्याच तालमीतला. रविवारी तो गाडी घेऊन घरी आला. "बाई, बंद गिरणीच्या मैदानावर चला. चालवू नका, शिकवून बघा. मग ठरवा."

मैदान मोकळं, सपाट, दोन कुत्री सोडली तर रिकामं. आत्या शेजारच्या सीटवर बसली, सीटबेल्ट लावला, दोन सीटांमधल्या ब्रेकच्या बटणावर बोट ठेवलं. "मला कोरा माणूस पाहिजे," ती म्हणाली. "ज्याला काही म्हणजे काही येत नाही असा."

विक्रेत्यानं माझ्याकडे बघितलं. मी आतोबांकडे बघितलं.

"मी नाही," आतोबा म्हणाले.

"अहो, बसा की. एकच फेरी. नाहीतर मला कळणार कसं?"

"तूच म्हणाली होतीस ना, सोडा म्हणून?"

"मी? कधी?"

"टाकीच्या चढावर." आतोबांनी छत्री जमिनीत रोवली. "तुझे चार शिकाऊ कठड्यावर बसले होते, त्यांच्यासमोर. गाडी परत परत बंद पडत होती, आणि तू ओरडलीस. सोडा! अहो सोडा आता! सोडा म्हणते ना एकदाचं! म्हटलं, बरोबर आहे, आपल्याच्यानं व्हायचं नाही. सोडलं मी. गाडी शिकणं सोडलं."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं दोन्ही हात डोक्याला लावले.

"अहो, क्लच!"

"काय?"

"क्लच सोडा म्हणत होते मी! क्लच! दिवसभर दुसरं काय म्हणते मी लोकांना?"

"मग क्लच म्हणायचं होतंस."

"शिकाऊ माणसाला सोडा म्हटलं की क्लचच असतो!"

"मी शिकाऊ नव्हतो. नवरा होतो."

विक्रेता गाडीच्या टपावर डोकं टेकून हसत होता. मी तर खालीच बसले. एवढी वर्षं ती समजत होती की हे रुसले, आणि ते समजत होते की हिनं आपल्याला नापास केलं! एका शब्दापायी हा माणूस जन्मभर मागच्या सीटवर बसला.

आत्याचे डोळे भरले होते. ती शेजारच्या रिकाम्या सीटवर थोपटून एवढंच म्हणाली, "या. हिला क्लच नाही. बंद पडायची नाही."

आतोबांनी छत्री विक्रेत्याकडे दिली. मी मागे बसले, तोही मुकाट्यानं माझ्या शेजारी बसला, छत्री मांडीवर घेऊन. आतोबा स्टिअरिंगमागे बसले आणि घड्याळ उघडताना घेतात तसा एक श्वास घेतला. पायाचं पेडल त्यांनी इतकं हलक्यानं दाबलं, की मला वाटलं, रस्ताच मागे निघालाय. पावाच्या व्हॅनमधल्या आत्यासारखं. केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या माणसाचा पाय तो, जड कसा असेल?

"अगं, चालतेय!" आतोबा म्हणाले. "बंद पडत नाहीये!"

आत्या त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. "कानांना नाही कळत तर नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "तोंडावरून कळतंय सगळं." पहिली फेरी मोजून मापून झाली. दुसऱ्या फेरीत कुत्री बाजूला झाली. तिसऱ्या फेरीत आतोबांनी एक हात खिडकीबाहेर काढला, आणि तो आत घ्यायला त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"ही घ्यायची," ते समोर बघत म्हणाले.

"आणि सेल?"

"वायरिंग नवं करून घेऊ. खिडकीखालीच लाव. मला दिसली पाहिजे."

मग त्यांना रंग चढला. पाचवी फेरी, सहावी फेरी. विक्रेता छत्री कवटाळून म्हणाला, "काका, मला संध्याकाळपर्यंत शोरूमला गाडी परत द्यायचीय." काका ऐकत नव्हते. गिरणीची भिंत यायला लागली तशी आत्यानं जुन्या सवयीनं मांडीवर हात मारला.

"सोडा! अहो, सोडा आता! पाय सोडा, आपोआप थांबेल!"

आतोबांनी मान वळवली नाही. गाडी मात्र भिंतीपासून लांब, गोल, सुरेख वळवून घेतली.

"नाही!" ते ओरडले. "या वेळी नाही सोडत!"

आत्या हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. ब्रेकच्या बटणावरचं बोट काढून तिनं तो हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "नका सोडू."