हिमानीचं कोपर

उमा वालूरकर सोळा वर्षांपासून गारखेड्यातल्या एका हॉलमध्ये टेबल टेनिस शिकवतात. दिवसा विम्याच्या ऑफिसात नोकरी आणि साडेपाच ते आठ हॉल. तीन टेबलं, वीसेक पोरं. वाऱ्यानं चेंडू हलतो म्हणून खिडक्या बंद असतात, मग बाहेर बेचाळीस अंश का असेना. तरी पोरं गळत नाहीत, कारण उमाताईंची नजर. पाय कुठं अडला, मनगट कुठं सैल पडलं, ते त्या दोन चेंडूंत सांगतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये हेमचंद्र गंगाखेडकर आपल्या नातीला घेऊन आले. वय सत्त्याहत्तर, हातात काठी, डोळ्यांच्या पडद्याचा आजार, त्यामुळं समोरचा माणूसही आवाजावरून ओळखायचे. पण रुबाब तोच. पालकांच्या बाकावर बसता बसता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही उमा माझ्याच हाताखाली तयार झाली बरं का. आता माझी हिमानी हिच्या हाताखाली."

उमाताई हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते सरांना दिसलं नाही.

चौऱ्याण्णव साली उमाताई सोळा वर्षांच्या होत्या. तेव्हा गेम एकवीस गुणांचा असायचा. सर प्रशिक्षक होते आणि निवड समितीवरही होते. उमाचा फोरहँड सगळ्या विभागात नावाजलेला, बॅकहँड मात्र वेगवान चेंडूवर अडकायचा. दोन वर्षं ती विचारत राहिली, "सर, माझं कुठं चुकतं?" सर म्हणायचे, "खेळत राहा, बसेल आपोआप." संघ निवडायच्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उमाचा बॅकहँड कच्चा आहे. बाहेर जाऊन मराठवाड्याचं हसं नको." तिच्या जागी सरांची पुतणी गेली. उमानं पुन्हा विचारलं, कच्चा म्हणजे नेमकं काय? सर म्हणाले, "तुला नाही कळायचं ते."

तिला ते कळायला पंधरा वर्षं लागली. पुण्यात प्रशिक्षकांच्या शिबिराला गेली असताना तिथल्या बाईंनी तिचं उजवं कोपर धरलं. "हे उडतंय. बॅकहँड मारताना कोपर जागच्या जागी राहायला हवं, बिजागरीसारखं. फिरतो तो पुढचा हात. तुमचं कोपर वर जातं, त्यामुळं चेंडू पोटासमोर मिळायच्या ऐवजी कमरेपाशी मिळतो, उशिरा. लहानपणी कुणीच सांगितलं नाही? बघताक्षणी दिसतं हो."

बघताक्षणी दिसतं. तेवढे दोन शब्द घेऊन उमाताई परत आल्या. मग आरशासमोर उभं राहून, डाव्या तळहातावर उजवं कोपर टेकवून, रोज तीनशे वेळा नुसता हात फिरवायचा. चौदा महिन्यांत त्यांचा बॅकहँड दुरुस्त झाला. तोवर त्या बत्तिशीच्या झाल्या होत्या.

आणि आता समोर हिमानी. पहिल्या दिवशी तिनं तिसराच चेंडू बॅकहँडनं मारला आणि तिचं कोपर उडालं.

उमाताईंचा हात पुढं झाला होता. तो त्यांनी मागं घेतला.

"छान," त्या म्हणाल्या. "खेळत राहा."

आठ महिने त्या हेच म्हणत राहिल्या. हिमानीचे पाय सुधारले, सर्व्हिस सुधारली, फोरहँडला धार आली. कोपराबद्दल अवाक्षर नाही. इतर पोरांच्या कोपराला मात्र ताईंची चापटी बसायची. पोरगी कष्टाळू होती, सगळ्यांच्या आधी येऊन जाळी लावायची. घरून निघताना उमाताई रोज ठरवायच्या की आज सांगू. हॉलमध्ये शिरलं की बाकावरून आवाज यायचा, "काय उमा, आमची पोरगी काय म्हणते?" आणि ठरवलेलं विरघळून जायचं.

फेब्रुवारीत जिल्हा निवड झाली. जालन्याच्या एका मुलीनं हिमानीच्या अंगावर, कोपराच्या रोखानं वेगात चेंडू टाकले. हिमानी सरळ तीन गेम हरली. समितीनं कागदावर शेरा लिहिला: बॅकहँड कच्चा.

दुसऱ्या दिवशी सर काठी आपटत हॉलमध्ये आले. हिमानी मागं किट घेऊन उभी होती.

"काय कच्चं आहे तिचं? मला दिसत नाही, तू सांग."

"तुम्हाला नाही कळायचं ते," उमाताई म्हणाल्या.

सर बोलायला गेले आणि थांबले. त्यांना ते वाक्य आठवलं की नाही, कुणास ठाऊक. पण मग हळूच म्हणाले, "कोपर?"

"हो."

"उडतंय? तुझं उडायचं तसं?"

टेबलांवरचे चेंडू थांबले होते.

"म्हणजे तेव्हा तुम्हाला दिसत होतं, सर."

"पुतणीला पाठवायचं होतं," सर म्हणाले. "भावाला शब्द दिला होता. जुनं झालं आता ते."

"तुमचं झालं असेल."

तेवढ्यात हिमानी पुढं आली. आजोबांकडं तिनं पाहिलंच नाही.

"ताई, तुम्हाला कधी दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. उमाताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी."

पोरगी रडली नाही. तिनं किट खांद्याला अडकवलं, आजोबांच्या हाताला धरून त्यांना रिक्षापर्यंत नेलं आणि बसवून दिलं. स्वतः मात्र चालत गेली. वॉचमन पुंजारामनं नंतर सांगितलं, "म्हातारा रिक्षातून हाका मारत व्हता, पोरीनं मागं पाह्यलं नाय."

चार दिवसांनी ती सायकलवर एकटीच आली.

"कोपर शिकवा. तेवढंच. बाकीचं नको."

उमाताईंनी शिकवलं. आरसा, तळहात, रोज तीनशे. तेरा वर्षांच्या हाताला चौदा महिने लागत नाहीत, जूनपर्यंत काम झालं. त्या साडेतीन महिन्यांत ती 'हो मॅडम' आणि 'नाही मॅडम' याखेरीज काही बोलली नाही. ताई म्हणणं तिनं सोडलं होतं. जुलैत ती सिडकोतल्या दुसऱ्या हॉलला लागली. तिथून यंदा तिची विभागाच्या संघात निवड झाली, असं पोरांकडून कळलं.

सर पुन्हा कधी आले नाहीत. नात त्यांच्याशी कामापुरतंच बोलते म्हणे.

ऑफिसातल्या रत्नमालाबाईंना उमाताईंनी एकदा डबा खाताना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "वाईट वाटतं का हो?"

"त्यांचं? अजिबात नाही," उमाताई म्हणाल्या. "अजून दहा वर्षांनी विचारलंत तरी नाही."

रत्नमालाबाई पोरीबद्दल विचारणार होत्या. पण उमाताईंनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या हात धुवायला उठल्या.