आग्नेय कोपरा

प्रत्येक घराला आत्मा असतो. आमच्या घराचा आत्मा स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, जमिनीखाली वीतभर खोल, तांब्याच्या डबीत होता. निदान असायला हवा होता.

घर बेंगळुरूत, पण वास्तुशांत बेळगावच्या पद्धतीनं झालेली. वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा डबीत पालथी घालून पुरली होती आणि दर अमावस्येला आई त्या कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य ठेवायची. भिंती विटांच्या, बाहेरून गिलावा नाही. वडील पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूल-रूममध्ये होते. गिलावा चुका झाकण्यासाठी असतो, असं ते म्हणायचे. गवंड्याच्या मागे ओळंबा घेऊन उभं राहत. मीही पुढे पीण्यातच लागलो, माल तपासायच्या खात्यात. खोटा पार्ट हातात घेतल्याबरोबर मला कळतो, अशी माझी ख्याती होती.

बारा वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघराला टाइल्स बसवल्या. आई तेव्हा माझी थोरली बहीण अक्का हिच्या मुलीच्या बाळंतपणासाठी बेळगावला गेली होती. जाताना तिनं एकच सांगितलं होतं, "त्या कोपऱ्यात खणू देऊ नको." मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी फोनवर कुठल्या तरी बेअरिंगबद्दल भांडत असताना मेस्त्री दारात आला. त्याच्या हातात हिरवट पडलेलं काहीतरी होतं.

"सार, एनो डब्बी इदे." कसलीशी डबी आहे, म्हणत होता.

"बेडा, तेगी," मी म्हणालो. नको, काढून टाक. आणि बेअरिंगकडे वळलो.

लक्षात आलं तेव्हा राडारोडा ट्रॅक्टरमधून देवनहळ्ळीच्या बाजूला गेला होता. तिकडे नवं लेआउट पडत होतं, त्यांना भर हवी होती. म्हणजे आमच्या घराचा आत्मा तिथल्या एखाद्या रस्त्याखाली आहे. त्या लेआउटच्या जाहिरातीत पुढे 'शंभर टक्के वास्तुशास्त्रानुसार' असं छापलं होतं, आणि ते एका प्लॉटपुरतं तरी खरं असावं.

आई परत आली. "कोपरा उकरला नाहीत ना रे?"

"नाही. वरूनच टाइल बसवली."

एवढंच. त्यानंतर बारा वर्षं ती त्या टाइलवर दहीभात ठेवत राहिली. मी ते पाहत राहिलो. मी देव मानत नाही, त्यामुळे मला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. अमावस्येला मी हॉलमध्ये पेपर वाचत बसायचो.

यंदा घर विकायचं ठरलं. आईचे गुडघे गेले होते आणि दोन्ही बाजूंना चार-चार मजले उठल्यामुळे ऊन फक्त दुपारी बारा ते साडेबारा येत असे. दलालानं घर पाहिलं नाही, बाहेरूनच प्लॉट पाहिला. "भाव साइटला आहे सार, घराला नाही," म्हणाला. एका बिल्डरनं घेतलं. त्याच्या पत्रकातल्या नव्या इमारतीला दर्शनी भागात विटांसारख्या दिसणाऱ्या टाइल्स होत्या.

सगळं जमलं आणि आई अडून बसली.

"त्याला काढल्याशिवाय मी सही करणार नाही बघ. घर पाडणार ते. माणूस आत असताना बाहेरून कडी घालायची काय?"

गुरुजींना फोन केला. त्यांनी उत्थापनाचा मुहूर्त रविवारी सकाळचा काढला आणि गाडी लावायला जागा आहे का ते विचारलं.

अक्का बेळगावहून आली होती. तिला मी गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. 

"सांग तिला," ती म्हणाली.

"ऐंशी वर्षांची आहे ती अक्का. बारा वर्षं मोकळ्या फरशीला जेवण वाढतेयस, असं सांगू?"

"मग काय करणार?"

"तशा डब्या चिकपेटच्या बाजारात मिळतात."

"कारखान्यात असला माल आला तर काय करायचास रे?"

"परत पाठवायचो."

"हां. शहाणा आहेस."

चिकपेटला पूजेच्या सामानाच्या दुकानात मी तांब्याची डबी आणि तांब्याचा वास्तुपुरुष मागितला.

"नवीन घर का, अण्णा?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. विकतोय."

"विकणारे घेत नाहीत हे," तो म्हणाला, पण बांधून दिलं.

पुढचं काम मी नीट केलं. इतकं नीट काम आयुष्यात फार कमी केलं असेल. पीण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून दोन्ही वस्तू औषध लावून काळपट-हिरव्या करून घेतल्या. शनिवारी अक्का आईला गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन गेली. ती हे मान्य असल्यामुळे नव्हे, नंबर त्या दिवशीचाच होता म्हणून गेली. मी टाइल उचलली, वीतभर खणलं, प्रतिमा पालथी घालून डबी ठेवली, माती दाबली. टाइल परत बसवल्यावर सांध्यातलं पांढरं सिमेंट नवं दिसत होतं, त्यावर चहाचं पाणी फासलं.

रविवारी गुरुजींनी मंत्र म्हटले आणि मी पहारीनं टाइल काढली. माती जरा जास्तच भुसभुशीत निघाली. अक्का खिडकीबाहेर बघत होती. डबी वर आली तेव्हा आईनं पदर पुढे केला. डबी पदरात घेतली, कपाळाला लावली, पुसली. मग उघडून आत पाहिलं आणि मिटली.

"सरी," म्हणाली, म्हणजे ठीक. "चला."

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली. मी सुटलो. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

घर पाडायला तीन दिवस लागले. मुकादम म्हणाला, विटा फार चांगल्या आहेत सार, आता अशा मिळत नाहीत. त्यानं त्या वेगळ्या रचून ठेवल्या होत्या. कुणाला तरी शेतावरच्या घराला हव्या होत्या. मी एक वीट मागून घेतली आणि गाडीत ठेवली. ती अजून डिकीतच आहे.

आम्ही नवव्या मजल्यावर राहायला गेलो. पहिली अमावस्या गेली, दुसरी गेली. आईनं दहीभात केला, पण तो आम्हीच खाल्ला. तिसऱ्या अमावस्येला मी विचारलं.

"नैवेद्य नाही ठेवत?"

"कुणाला?"

मी डबी ठेवली होती त्या कपाटाकडे पाहिलं.

"तो होय," आई म्हणाली. "आपला चांदीचा होता रे. डबी तेवढी तांब्याची. माझ्या तोरड्या आटवून केला होता. लग्नातल्या. तुझे वडील नको म्हणत होते, मीच दिल्या."

मी पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं, बारा वर्षांत वेगवेगळ्या प्रकारे. त्यातलं काहीच जुळेना. ट्रॅक्टर, देवनहळ्ळी, बेअरिंग, असं तुटक सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग सही का केलीस?" मी विचारलं.

"तो आत नाही हे कळलं की. रिकाम्या घरावर सही करायला काय?" ती भाताचं भांडं उचलून उठू लागली, गुडघ्यानं तिला परत खाली बसवलं. "एवढी वर्षं दहीभात कुणाला वाढत होते, तेवढं कळेना बघ."

मी भांडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.

नव्या घरात काही पुरता येत नाही. फरशीखाली चार इंचांवर आठव्या मजल्याचं छत आहे. तांब्याची डबी रिमोटच्या जुन्या सेलांबरोबर खणात असते. आग्नेय कोपऱ्यात वॉशिंग मशीन आहे.